तात्यांची बोटं आणि कंट्रोल-एफ९

१९९८ साली डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षात असताना मी तात्यांच्या डेअरीसाठी एक प्रोग्रॅम लिहिला होता. तात्या म्हणजे माझे चुलते. माण तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांचं दूध संकलन केंद्र होतं. सभासदाचा नंबर टाकायचा, मग लिटर, फॅट, डिग्री (दुधाच्या घनतेचा आकडा) टाकायची. दर आणि रक्कम प्रोग्रॅम काढायचा. दहा दिवसांनी दुधाचा पगार निघायचा, त्याचं बिल छापायचं. कॉलेजच्या लॅबमध्ये टर्बो सी++ ३.० होतं, त्यात हे सगळं लिहिलेलं. १९९१ चं ते सॉफ्टवेअर तेव्हाच सात वर्षं जुनं होतं, पण आम्हाला दुसरं काही माहीत नव्हतं. प्रोग्रॅम डेअरीत दहा-बारा वर्षं चालला. नंतर मशीन आली, फॅट मोजून परस्पर चिठ्ठी देणारी, आणि माझा प्रोग्रॅम एका सीडीवर जाऊन बसला.

गेल्या दिवाळीत चुलतभावाला ती सीडी सापडली. तात्या आता थकलेत, डेअरी त्यांनी कधीच सोडली. पण सीडीचं ऐकल्यावर त्यांचा फोन आला. "अरे, त्यात दोन हजार तीनचा हिशेब असंल बघ. दुष्काळाचं साल. छावणीत जनावरं होती तवा गावात किती दूध पडत हुतं, ते मला बघायचंय."

मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम.

सीडी लॅपटॉपवर उतरवली, प्रोग्रॅमवर दोनदा क्लिक केलं. विंडोजने सांगितलं, हे तुमच्या संगणकावर चालणार नाही. बरोबरच होतं. प्रोग्रॅम सोळा बिटचा, आणि चौसष्ट बिटचं विंडोज सोळा बिटचं काही चालवत नाही. मग डॉसबॉक्स घेतलं. हा एम्युलेटर आहे, म्हणजे विंडोजच्या एका खिडकीत जुना, विंडोजच्या आधीचा, डॉसवाला पीसी उभा करतो. मूळचा तो जुने गेम खेळणाऱ्यांसाठी बनवलाय. ०.७४-३ ही आवृत्ती २०१९ ची, पण ती मुख्यतः २०१० चीच, थोड्या दुरुस्त्या केलेली. डी ड्राइव्हवर दूध नावाचा फोल्डर केला, त्यात सीडीवरच्या फायलींची एक प्रत टाकली, तो फोल्डर सी म्हणून माउंट केला, म्हणजे डॉसबॉक्सला तोच सी ड्राइव्ह म्हणून दाखवला, आणि प्रोग्रॅमचं नाव टाइप केलं. (मूळ डेटा कधीही थेट उघडायचा नाही, एवढं शहाणपण नोकरीने शिकवलंय.)

निळा स्क्रीन आला. पिवळ्या चौकटीत डेअरीचं नाव, खाली रोमन लिपीतलं मराठी. डॉसमध्ये देवनागरी आणायची तर पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डासारखं काही लागायचं, ते आमच्या ऐपतीत कुठलं? म्हणून "सभासद क्रमांक द्या" हे वाक्य इंग्रजी अक्षरांत. पंचवीस वर्षांपूर्वीचं माझं स्पेलिंग बघून मला माझीच लाज वाटली.

आणि मग काहीच चालेना.

म्हणजे अंक चालत होते, एंटर चालत होता. पण मेनू सगळा एफ-बटणांवर होता. एफ२ नवीन नोंद, एफ३ सभासद शोधणे. एफ२ दाबलं की लॅपटॉपचा आवाज कमी व्हायचा, एफ३ ने वाढायचा. हे कोडं सोपं होतं. हल्लीच्या लॅपटॉपवर एफ-बटणं आधी आवाज आणि उजेडाची असतात, एफएन धरल्याशिवाय खरी होत नाहीत. माझ्या लॅपटॉपवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबलं की हे उलटं होतं. केलं. एफ२, एफ३ चालू झाली. मी तात्यांना फोन लावला आणि म्हटलं, तात्या, झालंय बरं का. बिल बघायचं बटण कुठलं हो?

इथे कबूल करतो, प्रोग्रॅम मी लिहिलेला असूनही मला आठवत नव्हतं. तात्यांना मात्र पाठ. फोनवर ते असे सांगत गेले जणू कालच डेअरी बंद केलीय: "कंट्रोल एफ पाचनं बिल. कंट्रोल एफ सातनं मागचा पगार, एफ आठनं पुढचा. कंट्रोल एफ नऊनं दिवस बंद." मी म्हटलं, एवढं लक्षात आहे? "लक्षात कशाचं, बोटं जात्यात की!"

फोन ठेवून कंट्रोल-एफ५ दाबलं. काही नाही. परत दाबलं. पाच-सहा वेळा दाबलं. कंट्रोल-एफ८ दाबलं, पुढचा पगार काही आला नाही, पण कर्सर अडखळत हलायला लागला, आकडे टाकले की जरा थांबून उमटायला लागले. वाटलं लॅपटॉप गरम झाला असेल. शेवटी कंट्रोल-एफ९ दाबलं, आणि खिडकीच गेली. ना सूचना, ना "खात्री आहे का". डॉसबॉक्स होतं तिथे माझ्या मुलीच्या फोटोचा वॉलपेपर.

माझा पहिला संशय माझ्यावरच. १९९८ चा माझा कोड, त्यात काय पाप केलं असेल सांगता येत नाही. सीडीवर सोर्स कोडही होता, म्हणून टर्बो सी++ पण त्याच डॉसबॉक्समध्ये बसवलं. म्हटलं, आधी एवढंच पाहू की बटण दाबल्यावर प्रोग्रॅमपर्यंत नेमकं काय पोचतं. त्यासाठी पंधरा-वीस ओळींचा छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला. टर्बो सी वापरलेल्यांना आठवेल: दाबलेलं बटण वाचणारं getch() हे फंक्शन साधं अक्षर असलं तर त्याचा आकडा देतं, पण एफ-बटण असलं तर आधी शून्य देतं आणि दुसऱ्यांदा विचारलं की बटणाचा क्रमांक. एफ१ म्हणजे ५९, तिथून सरळ वाढत एफ५ म्हणजे ६३. कंट्रोलसोबत असतील तर मोजणी ९४ पासून सुरू होते, म्हणजे कंट्रोल-एफ५ ला ९८ यायला हवा आणि कंट्रोल-एफ९ ला १०२.

प्रोग्रॅम लिहिला, अर्धविराम तपासले, आणि सवयीने रन करायला कंट्रोल-एफ९ दाबलं.

खिडकी गेली. वीस ओळीही गेल्या, कारण एफ२ दाबून सेव्ह केलं नव्हतं.

मी खुर्चीत मागे टेकलो आणि हसायला लागलो. म्हणजे दोष माझ्या कोडचा नव्हताच. टर्बो सीमध्ये कंट्रोल-एफ९ म्हणजे प्रोग्रॅम चालवा. महाराष्ट्रात ज्याने कोणी पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये सी शिकलंय त्याला बाकी काही आठवो न आठवो, हे आठवतं. तात्यांच्या "दिवस बंद"साठी मी तेच बटण का निवडलं तेही तेव्हा कळलं. माझी बोटं रात्रंदिवस तिथेच असायची. आणि डॉसबॉक्समध्ये कंट्रोल-एफ९ म्हणजे डॉसबॉक्स ताबडतोब बंद करा. गेम अडकला तर सुटायची वाट म्हणून दिलेली.

मग उरलेल्यांचाही उलगडा झाला. डॉसबॉक्सच्या खिडकीवरच्या पट्टीकडे मी नीट बघितलंच नव्हतं. तिथे तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: सीपीयूचा वेग, फ्रेमस्किप आणि चालू प्रोग्रॅमचं नाव. परत सुरू करून डेअरीचा प्रोग्रॅम उघडला, कंट्रोल-एफ८ दाबलं आणि पट्टीकडे पाहिलं. फ्रेमस्किप शून्यावरून एक. परत दाबलं, दोन. तात्यांचा "पुढचा पगार" डॉसबॉक्सच्या हिशेबात "आणखी एक चित्र गाळा" असा होता, म्हणून कर्सर अडखळत होता. कंट्रोल-एफ७ ने तो आकडा खाली येत होता. आणि कंट्रोल-एफ५? ते स्क्रीनचा फोटो काढतं. डॉसबॉक्सच्या कॅप्चर नावाच्या फोल्डरमध्ये गेलो तर माझ्या निळ्या स्क्रीनचे सात-आठ फोटो ओळीने, शून्य शून्य शून्यपासून नंबर टाकून ठेवलेले. इमानाने प्रत्येक वेळी काम झालं होतं, फक्त माझं नव्हे.

तपासणीचा प्रोग्रॅम पुन्हा लिहिला. आधी एफ२. मग ऑल्ट-आर दाबून रनचा मेनू उघडला आणि एंटर मारला. त्या मेनूत "रन"च्या समोर उजवीकडे छापलेलं असतं, कंट्रोल+एफ९. ते वाचून पुन्हा हसू आलं. प्रोग्रॅम चालला. एफ५ दाबलं, ६३. कंट्रोल-एफ५ दाबलं, काहीच नाही. कंट्रोल-एफ३ दाबलं, ९६. म्हणजे डॉसबॉक्सला जे संयोग स्वतःसाठी हवेत ते तो मधल्या मध्ये गिळतो, आत डॉसला पत्ताही लागू देत नाही. बाकीचे बिनबोभाट आत जातात. आता माझ्या हातात अंदाज नव्हता, पुरावा होता. बोट ते प्रोग्रॅम या वाटेवर पहिला चोर लॅपटॉपचा कीबोर्ड, दुसरा डॉसबॉक्स. माझा प्रोग्रॅम बिचारा शेवटी वाट बघत बसलेला.

इथे एक सोपी वाट होती. सोर्स कोड हातात आहे, कंट्रोल-एफ५ च्या जागी शिफ्ट-एफ५ करा, ९८ चा ८८ करा, कंपाइल करा, संपलं. पाच मिनिटं. मी फाइल उघडलीसुद्धा. पण मग तात्यांना सांगावं लागलं असतं की बिल आता दुसरीकडे आहे. ज्या माणसाची बोटं इतकी वर्षं न दाबताही आपोआप तिथे जातात त्याला नवीन शिकवायचं? फाइल बंद केली. बदलायचं तर डॉसबॉक्सने बदलावं.

डॉसबॉक्समध्ये यासाठी मॅपर आहे. तो उघडायचा कंट्रोल-एफ१ ने. (टर्बो सीमध्ये तेच बटण कर्सरखालच्या शब्दाची मदत दाखवतं. म्हणजे इथेही भांडण आहेच, पण ते मी सोडून दिलं. मदत एफ१ वरूनही शोधता येते.) काळ्या पडद्यावर आख्ख्या कीबोर्डचं चित्र येतं, आणि खाली वेगळ्या चौकटींत डॉसबॉक्सची स्वतःची कामं: शटडाउन, स्क्रीनशॉट, फ्रेमस्किप कमी, फ्रेमस्किप जास्त, फुलस्क्रीन वगैरे. चौकटीवर क्लिक केलं की ती सध्या कुठल्या बटणाला बांधलेली आहे ते दिसतं. बाजूला ॲड, डेल, नेक्स्ट, आणि मॉड१, मॉड२ असे छोटे चौकोन. मॉड१ म्हणजे कंट्रोल, मॉड२ म्हणजे ऑल्ट. हे तिथे कुठेही लिहिलेलं नाही, आपणच टिचक्या मारून ओळखायचं.

शटडाउनवर क्लिक केलं, ॲड दाबलं, एफ९ दाबलं, कंट्रोल आणि ऑल्ट दोन्हीचे चौकोन भरले. म्हणजे बंद करायचं तर आता कंट्रोल-ऑल्ट-एफ९. काढून टाकलं नाही मुद्दामच, कारण जुना प्रोग्रॅम अनंत चक्रात अडकला तर बाहेर पडायला दार हवं. बाहेर आलो, कंट्रोल-एफ९ दाबलं.

खिडकी गेली.

ॲड म्हणजे जोडणे. जुनं तसंच ठेवून नवीन जोडणे. नाव तेच सांगत होतं, मी वाचलं नव्हतं. पुन्हा मॅपर, शटडाउन, नवीन ॲड करायचं, मग नेक्स्ट दाबत जुन्या बांधणीवर यायचं आणि डेल. या वेळी कंट्रोल-एफ९ दाबल्यावर डेअरीच्या प्रोग्रॅमने पिवळ्या चौकटीत विचारलं, दिवस बंद करायचा? हो किंवा नाही. पीसी स्पीकरची ती बारीक "टिक" पण आली. मी टेबलावर हात आपटला, बायको आतून म्हणाली काय झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन बसलो, तिला दाखवायला कंट्रोल-एफ९ दाबलं आणि खिडकी गेली. ती म्हणाली, "हेच दाखवायचं होतं?" मॅपरमध्ये सेव्ह नावाचंही एक बटण आहे. बाहेर पडताना ते दाबलं नाही तर बदल तेवढ्या बैठकीपुरते टिकतात. मॅपरची फाइलसुद्धा पहिल्यांदा सेव्ह दाबेपर्यंत जन्मालाच येत नाही.

तिसऱ्यांदा मात्र मी चौकटींवर टिचक्या मारायचा कंटाळा केला. शटडाउन तेवढं पुन्हा बदलून सेव्ह केलं आणि ती फाइल नोटपॅडमध्ये उघडली. साधी मजकुराची फाइल आहे, प्रत्येक कामाची एक ओळ. शटडाउनच्या ओळीत अवतरणात की २९०, पुढे मॉड१ आणि मॉड२. २९० म्हणजे एफ९. एफ१ चा आकडा २८२ आणि तिथून एकेक वाढत एफ१२ ला २९३. हे कळलं की मग मॅपरची गरजच नाही. फ्रेमस्किपच्या दोन ओळी होत्या, २८८ मॉड१ आणि २८९ मॉड१. दोन्हींत मॉड१ च्या पुढची अवतरणं सांभाळून आतला मजकूर उडवला. तात्यांना चित्रं गाळायची नाहीत. स्क्रीनशॉटच्या ओळीत २८६ मॉड१ होतं, तेही उडवणार होतो, पण हात थांबला. प्रोग्रॅम बिल छापायला सरळ प्रिंटरच्या पोर्टवर लिहितो, आणि साध्या डॉसबॉक्समध्ये प्रिंटर जोडायची सोय नाही. म्हणजे बिल कागदावर यायचं नव्हतं. मग फोटो तरी काढता यायलाच हवा, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायला. म्हणून २९३ केलं, नुसतं एफ१२. माझ्या प्रोग्रॅमला एफ१२ ची ओळखच नाही, त्याचं काही बिघडणार नव्हतं.

एक गोष्ट वेळेवर सुचली ती सांगतो. ही मॅपरची फाइल सगळ्या डॉसबॉक्सला लागू होते, आणि माझा मुलगा त्याच लॅपटॉपवर एक जुना गेम खेळतो. त्याच्या बटणांत मी ढवळाढवळ केली असती तर घरात दुसरा दुष्काळ पडला असता. म्हणून डेअरीसाठी कॉन्फिगची, म्हणजे सेटिंगची, वेगळी फाइल केली, त्यात मॅपरफाइलच्या ओळीत वेगळं नाव दिलं, आणि शेवटच्या ऑटोएक्झेकच्या (सुरू होताच आपोआप चालणाऱ्या) भागात माउंट करायची आणि प्रोग्रॅम सुरू करायची ओळ टाकली. डेस्कटॉपवर शॉर्टकट करून त्याला ती कॉन्फिग दिली. एकदा क्लिक केलं की थेट निळा स्क्रीन.

आता राहिला कीबोर्ड. लॅपटॉपवर नमपॅड, म्हणजे उजवीकडचा अंकांचा वेगळा संच, नाही, आणि तात्या अंक कधीच वरच्या ओळीतून टाकत नसत. डेअरीत टीव्हीएस गोल्ड होता, तो खटखट वाजणारा, ज्याचा आवाज शेजारच्या किराणा दुकानात ऐकू जायचा. ऑफिसातल्या एकाकडे त्याचाच यूएसबीवाला पडून होता, तो दोन दिवसांसाठी मागून आणला. बाहेरचा कीबोर्ड लावल्यावर एफएनचा प्रश्न आपोआप मिटला. त्याऐवजी नवीन निघाला: नमलॉकचा दिवा लागलेला असूनही आत डॉसला वाटायचं तो बंद आहे, आणि अंकांऐवजी कर्सर इकडेतिकडे पळायचा. डॉसबॉक्सच्या खिडकीत असताना एकदा नमलॉक दाबला की दोघांचं जुळायचं, म्हणजे दिवा विझायचा आणि अंक यायचे. उलटं, पण चालतंय. ऑल्ट-टॅबने बाहेर जाऊन परत आलं की कधीकधी ऑल्ट आत दाबलेलंच राहायचं. एकदा ऑल्ट दाबून सोडलं की सुटायचं. यावर जास्त वेळ घालवला नाही.

रविवारी गावी गेलो. पडवीत टेबल मांडलं, लॅपटॉप, त्यापुढे कीबोर्ड. तात्यांनी चष्मा पुसला, स्क्रीनकडे न बघता आधी कीबोर्डवरून हात फिरवला. मी सांगायला गेलो की एफ३ ने, तर त्यांनी हाताने मला गप्प केलं. एफ३. नमपॅडवर ४, ७, एंटर. सत्तेचाळीस नंबर म्हणजे आमचं स्वतःचं खातं. तारीख टाकली, कंट्रोल-एफ५.

बिल आलं. मे २००३, दहा दिवस, सकाळ-संध्याकाळ मिळून एकेका दिवशी दोन-अडीच लिटर. त्यातही तीन दिवस सकाळचा रकाना रिकामा. तात्या काही बोलले नाहीत. कंट्रोल-एफ७ ने मागे गेले, एप्रिल, मार्च. मग कंट्रोल-एफ८, एफ८, एफ८, एका लयीत, प्रत्येक बिलावर क्षणभर थांबून. मी पट्टीकडे बघत होतो, फ्रेमस्किप शून्यावरून हलत नव्हतं. ते दुसरे नंबर टाकायला लागले. "हा माळावरचा. ह्याची म्हस छावणीतच मेली." "ही बाई बघ, एक लिटर बी असलं तरी घालायला यायची." चुलतभाऊ शेजारी उभा राहून एफ१२ दाबत होता, फोटो जमा होत होते.

तासाभराने त्यांचं समाधान झालं. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि सवयीने, स्क्रीनकडे न बघता, कंट्रोल-एफ९ दाबलं. पिवळी चौकट आली: आजची तारीख, आजचं संकलन शून्य लिटर, दिवस बंद करायचा? मी म्हटलं, तात्या, एच दाबा, काही होत नाही, ही प्रत आहे.

त्यांनी पुन्हा चष्मा लावला आणि ते शून्य वाचलं. "दूध आलंच न्हाई तर दिवस कशाचा बंद करायचा," म्हणाले, आणि एन दाबलं.